मागून येणाऱ्याचा दिवा

रात्रीच्या प्रवासाला दोन प्रकारचे दिवे लागतात. एका दिव्याने आपल्याला वाट दिसते. दुसऱ्या दिव्याने आपण इतरांना दिसतो. पहिल्याचे महत्त्व कोणाला समजावून सांगावे लागत नाही. तो विझला तर गाडी चालवणारा स्वतःच खड्ड्यात जाईल, आणि या भीतीनेच तो त्याची निगा राखतो. दुसऱ्या दिव्याची गोष्ट निराळी. तो विझला तरी चालवणाऱ्याला पत्ता लागत नाही. त्याच्या पुढची वाट पूर्वीइतकीच उजळ राहते. पत्ता लागतो तो मागून येणाऱ्याला, आणि तोही पुष्कळदा फार उशिरा.

मोटारीच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या दिव्यांचा इतिहास हा या दुसऱ्या दिव्याचा इतिहास आहे. ट्रेलर म्हणजे स्वतःचे इंजिन नसलेले, ओढून न्यावयाचे वाहन. शेतीच्या व्यवहारात त्यालाच ट्रॉली म्हणतात. त्याला इंजिन नाही, बहुधा बॅटरीही नाही. त्याचे दिवे पुढच्या गाडीकडून उसन्या घेतलेल्या विजेवर जळतात. ही उसनवारी चार-सहा वायरींतून चालते. त्या वायरी जोडण्याचे काम आरंभापासून पुष्कळदा कारखान्यात न होता अंगणात, गाडीच्या मालकाच्याच हातून होत आले आहे. काम दिसावयास क्षुल्लक, परंतु त्यावर तिऱ्हाइताचा जीव अवलंबून असतो. म्हणूनच या क्षुल्लक कामाचा इतिहास थोडा बारकाईने पाहण्याजोगा आहे.

मागच्या दिव्याचे महत्त्व रेल्वेने फार लवकर ओळखले. रेल्वेगाडीच्या शेवटच्या डब्याला तांबडा दिवा लावण्याची रीत जुनी आहे. मागून येणाऱ्या गाडीला सावध करणे एवढेच त्या दिव्याचे काम नव्हे. स्टेशनातून गाडी निघून जात असता तेथील माणूस शेवटच्या डब्याकडे पाहतो. खूण दिसली म्हणजे गाडी पुरी आली. दिसली नाही, तर एखादा डबा मागे रुळावर सुटून राहिला असण्याचा संभव असतो, आणि मग ती वाट दुसऱ्या गाडीला मोकळी करून देता येत नाही. भारतीय रेल्वेत शेवटच्या डब्यावर ‘एल. व्ही.’ ही अक्षरे असलेली पाटी आणि रात्री लुकलुकणारा तांबडा दिवा असतो, तो याचसाठी. ‘येथे गाडी संपते’ हे वाक्य तो दिवा बोलतो.

सडकेवर मात्र हे वाक्य बोलण्याची सक्ती फार काळ कोणाला वाटली नाही. महाराष्ट्रात ओगलेवाडीच्या प्रभाकर कंदिलाने ज्या काळी घरोघरी उजेड दिला, त्या काळी रात्रीच्या बैलगाडीच्या आसाखालीही कंदील लोंबत असे. त्याचा उजेड चाकांपुरता पडे. बैलांना वाट त्याशिवायही ठाऊक असे. पण दुरून येणाऱ्याला तो हलता ठिपका पुरेसा होता. बैलांची चाल तासाला दोन-तीन मैलांची. त्या वेगात उशिरा दिसलेली गाडीही चुकवता येत असे. मोटारीने वेग आणला, आणि उशिरा दिसणे ही प्राणावरची गोष्ट झाली.

आरंभीच्या मोटारींना विजेचे दिवे नव्हते. पुढे ॲसिटिलीनचे दिवे असत. डब्यातील कार्बाइडवर थेंबथेंब पाणी सोडले म्हणजे वायू निर्माण होतो, आणि तो जळताना पांढराशुभ्र उजेड देतो. मागे मात्र रॉकेलची छोटी बत्ती. १९१४ साली अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात ऑगस्ट फ्रूहॉफ नावाच्या लोहाराकडे फ्रेडरिक सिब्ली हा लाकडाचा व्यापारी एक मागणी घेऊन आला. त्याला आपली नाव तळ्यावर न्यावयाची होती. फ्रूहॉफने त्याच्या फोर्ड गाडीमागे जोडता येईल असा एक गाडा तयार करून दिला. तो इतका उपयोगी पडला की सिब्लीने लाकूड वाहण्यासाठी आणखी गाडे मागवले, आणि १९१८ साली त्या लोहाराच्या दुकानातून ट्रेलर बांधणारी मोठी कंपनी उभी राहिली. १९१४ सालच्या फोर्ड ‘मॉडेल टी’ गाड्यांचे पुढचे दिवे ॲसिटिलीनचे होते. बाजूचे व मागचा दिवा रॉकेलचा. अशा गाडीमागच्या ट्रेलरला दिवा लावावयाचा, तर कंदील टांगणे हा एकच मार्ग होता. वायरीचा प्रश्नच नव्हता.

तो प्रश्न विजेबरोबर आला. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेने इंजिन चालू करण्याची योजना बसवली, आणि तिच्याबरोबर विजेचे दिवेही आले. जर्मनीतील बॉश कंपनीने १९१३ साली दिवे, विद्युत्-जनित्र आणि त्याचे नियमन करणारे साधन अशी एकत्र व्यवस्था बाजारात आणली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रॉकेलची बत्ती मोटारीवरून नाहीशी झाली. बॅटरी हा गाडीचा स्थायी अवयव झाला, आणि मागच्या दिव्याकडे जाणारी एक बारीक वायर गाडीच्या पोटातून धावू लागली.

या व्यवस्थेतील एक युक्ती येथे नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढच्या बहुतेक अडचणींचे मूळ तिच्यात आहे. विजेचा प्रवाह बॅटरीतून निघून दिव्यातून जातो आणि बॅटरीकडे परततो. जाण्याला एक वाट हवी, तशीच परतण्यालाही हवी. प्रत्येक दिव्याला दोन वायरी देण्याऐवजी मोटार बांधणाऱ्यांनी गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची वाट म्हणून वापरला. बॅटरीचे एक टोक सांगाड्याला जोडले, दिव्याचेही एक टोक सांगाड्याला टेकवले, म्हणजे एका वायरीत काम भागते. या परतीच्या जोडणीला कारागीर ‘अर्थ’ म्हणतात. मोटारीत ही युक्ती निर्दोष चालते, कारण सांगाडा अखंड असतो. ट्रेलरचा सांगाडा मात्र वेगळा असतो. मोटारीशी त्याचा संबंध येतो तो फक्त जोडणीच्या गोळ्यापाशी किंवा खिळीपाशी.

१९२९ नंतर अमेरिकेत घरगुती ट्रेलरांची लाट आली. डेट्रॉइटचे आर्थर शर्मन हे जंतुशास्त्रज्ञ. त्यांनी सहलीसाठी विकत घेतलेला तंबूचा ट्रेलर भर पावसात उभा करताना त्यांचा जीव मेटाकुटीस आला, आणि त्यांनी स्वतःच लाकडी भिंतींचा ट्रेलर बांधून घेतला. त्यातून त्यांचा कारखाना निघाला. पुढे ‘एअरस्ट्रीम’ या चकचकीत ॲल्युमिनियमच्या ट्रेलरांमुळे प्रसिद्ध झालेले वॉली बायम प्रारंभी ट्रेलर बांधण्याचे नकाशे विकीत असत. मंदीचा तो काळ. लोक सुट्टीसाठी ट्रेलर बांधत, कामाच्या शोधात गावोगाव फिरण्यासाठी बांधत, आणि काही कुटुंबे तर त्यातच राहत. सुतारकाम घरी, लोहारकाम घरी, आणि वायरींचे कामही घरीच.

त्या काळचे काम सोपे होते. मोटारीच्या मागच्या दिव्याकडे जाणारी वायर शोधावयाची, तिच्यावरील आवरण थोडे सोलावयाचे, तेथे दुसरी वायर गुंडाळून ट्रेलरकडे न्यावयाची. ब्रेकच्या दिव्यासाठी तसेच आणखी एकदा. सांध्यावर काळी चिकटपट्टी गुंडाळली की काम झाले. परतीच्या वाटेचा विचार पुष्कळांनी केलाच नाही. जोडणीचा लोखंडी गोळा मोटारीच्या आणि ट्रेलरच्या लोखंडाला चिकटलेला आहे, मग प्रवाह तेथूनच परत जाईल, अशी समजूत. अंगणात उभ्या गाडीवर ती खरीही ठरे. दिवा लागे, मालकाचे समाधान होई.

परंतु तो गोळा झिजू नये म्हणून त्याला ग्रीस लावलेले असते, आणि ग्रीस विजेला वाट देत नाही. लावले नाही तर त्यावर गंज चढतो, आणि गंजही वाट देत नाही. चालत्या गाडीत गोळा खोबणीत सारखा हलतो. एका क्षणी धातूला धातू टेकतो, दुसऱ्या क्षणी सुटतो. म्हणजे अंगणात लागलेला दिवा सडकेवर लागेलच असे नाही. आणि लागत नसल्याचे चालवणाऱ्याला कळण्याचा मार्ग नाही. अनुभवाने शहाणे झालेले कारागीर म्हणून ट्रेलरच्या सांगाड्यापासून मोटारीच्या सांगाड्यापर्यंत एक स्वतंत्र वायर नेऊ लागले. अमेरिकन पद्धतीत या परतीच्या वायरीचा रंग पांढरा ठरला, आणि युरोपीय सात खुंट्यांच्या पद्धतीतही तो पांढराच आहे. ती वायर दिव्याला वीज नेऊन देत नाही, म्हणून नवशिक्याला ती अनावश्यक वाटते. वस्तुतः सगळ्या दिव्यांची वीज तिच्यातूनच परतते, आणि म्हणून ती इतरांपेक्षा जाड असावी लागते.

ती तुटली किंवा सैल झाली म्हणजे जे घडते ते मोठे चमत्कारिक असते. डावा इशारा द्यावा, तर दोन्ही बाजूंचे दिवे मंदपणे लुकलुकतात. ब्रेक दाबावा, तर मागचा दिवा उजळण्याऐवजी मालवतो. प्रवाहाला हक्काची परतीची वाट मिळाली नाही, म्हणजे तो दुसऱ्या बल्बच्या तारेतून उलटा मार्ग काढतो, आणि सगळ्या खुणांची सरमिसळ होते. असा बिघाड शोधताना लोक बल्ब बदलतात, फ्यूज बदलतात, होल्डर घासतात. दोष मात्र रंगाखाली किंवा गंजाखाली दडलेल्या त्या एका सांध्यात असतो. जाणता वायरमन म्हणून प्रथम पांढरी वायर पाहतो. तिच्या टोकाखालचा रंग खरवडून लख्ख लोखंड उघडे करतो, बोल्ट आवळतो, आणि मगच पुढे जातो.

दुसरी अडचण इशाऱ्याच्या दिव्यांची. पूर्वी वळण्याचा इशारा हाताने करीत. ब्रिटनात व युरोपात गाडीच्या बाजूतून बाहेर येणारा उजळ दांडाही प्रचारात होता. परंतु गाडीमागे रुंद ट्रेलर लागला की हात दिसत नाही आणि दांडाही दिसत नाही. ट्रेलरवरच इशारा हवा, ही गरज त्यातून स्पष्ट झाली. १९३९ सालच्या ब्यूइक गाड्यांत कारखान्यातूनच लुकलुकणारे दिशादर्शक दिवे बसून आले, आणि पुढे ती पद्धत सर्वत्र रूढ झाली.

हे लुकलुकणे घडवून आणणारी जुनी डबी मोठी कल्पक होती. तिच्यात दोन धातूंची एकत्र केलेली पट्टी असे. दिव्यांचा प्रवाह तिच्यातून जाताना ती तापे, तापली की वाके, वाकली की प्रवाह तुटे. निवली की पुन्हा जुळे. म्हणजे लुकलुकण्याचा वेग किती बल्ब जोडले आहेत यावर अवलंबून असे. १२ व्होल्टांच्या गाडीत इशाऱ्याचा बल्ब साधारणतः २१ वॉटचा असतो. पुढचा एक आणि मागचा एक मिळून ४२ वॉट, म्हणजे साडेतीन अँपिअर प्रवाह. ट्रेलरचा तिसरा बल्ब जोडला की तो सव्वापाच अँपिअरांवर जातो. पट्टी लवकर तापते, आणि इशारा घाईघाईने लुकलुकू लागतो. त्यासाठी जास्त भार सहन करणारी निराळी डबी बसवावी लागे. जुन्या गाडीत ट्रेलर जोडल्यावर इशाऱ्याचा वेग बदलला, तर दोष वायरीत नसून या डबीत आहे, हे कळावयास अनेकांना बरेच दिवस लागत.

येथेच अमेरिका आणि युरोप यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. अमेरिकेत ब्रेकचा आणि वळण्याचा असे दोन्ही इशारे एकाच तांबड्या दिव्याने देण्याची पद्धत पडली. वळताना त्या बाजूच्या दिव्याचा ब्रेकशी संबंध तुटतो आणि तो लुकलुकतो. म्हणून अमेरिकन लहान ट्रेलरला चारच वायरी पुरतात. पांढरी परतीची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डाव्या बाजूच्या इशाऱ्याची व ब्रेकची, आणि हिरवी उजव्या बाजूची. युरोपात वळण्याचा दिवा नारिंगी आणि स्वतंत्र ठेवला गेला. तेथील सात खुंट्यांच्या सॉकेटात पहिली खुंटी डाव्या इशाऱ्याची, तिसरी परतीची, चौथी उजव्या इशाऱ्याची, पाचवी व सातवी उजव्या व डाव्या मागच्या दिव्यांची, सहावी ब्रेकची. दुसरी बहुधा धुक्याच्या दिव्यासाठी असते. पुढे या सातांच्या जागी तेरा खुंट्यांचे सॉकेटही आले. एका पद्धतीची मोटार आणि दुसऱ्या पद्धतीचा ट्रेलर यांची सरळ जोडणी होत नाही. मध्ये इशारे वेगळे किंवा एकत्र करणारे साधन लागते. ते न लावता वायरी एकमेकींना बांधल्या, तर ब्रेक दाबताच इशाऱ्याचे दिवे लागतात आणि मागचा माणूस गोंधळतो.

रंग आणि खुंट्या ठरवून टाकण्याची ही गरज दुसऱ्या महायुद्धानंतर विशेष वाढली. १९४५ साली लिओनार्ड शोएन आणि त्यांच्या पत्नी ॲना मेरी यांनी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात भाड्याने ट्रेलर देणारी ‘यू-हॉल’ ही संस्था सुरू केली. एका गावी ट्रेलर घ्यावा, सामान भरावे, आणि दुसऱ्या गावी तो परत करावा, अशी सोय झाली. जोवर ट्रेलर आणि मोटार एकाच मालकाची होती, तोवर त्याने कोणत्याही रंगाच्या वायरी कशाही जोडल्या तरी त्याच्यापुरते भागे. आज एका गाडीमागे तर उद्या दुसऱ्या गाडीमागे जाणाऱ्या ट्रेलरला ते चालणारे नव्हते. अनोळखी माणसांना एकमेकांच्या गाड्या जोडता याव्यात यासाठी सर्वांनी एकच बोली बोलावी लागते. रंगांची आणि आकड्यांची ती बोली म्हणजेच प्रमाणीकरण. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेने वाहनांच्या दिव्यांसाठी राष्ट्रीय मानक लागू केले. १९६८ च्या व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय करारात ट्रेलरच्या पाठीवर त्रिकोणी तांबडे परावर्तक असावेत असे नमूद झाले. मोटारीचे परावर्तक त्रिकोणी नसावेत, असेही ठरले. यातला हेतू उघड आहे. वीज गेली, वायर तुटली, तरी मागच्या गाडीच्या उजेडात तो त्रिकोण चमकावा, आणि पुढे जाणारे वाहन मोटार नसून ट्रेलर आहे, हे आकारावरूनच कळावे.

दरम्यान बॅटरीही बदलली. पूर्वीच्या कित्येक मोटारी ६ व्होल्टांच्या होत्या. १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकन गाड्या १२ व्होल्टांकडे वळल्या. ट्रेलरच्या दृष्टीने हा बदल हितकारक होता. तेवढाच उजेड मिळवण्यासाठी ६ व्होल्टांत दुप्पट प्रवाह लागतो, आणि लांब वायरीत होणारी तूट प्रमाणाने चौपट जाचते. तथापि १२ व्होल्टांतही ही तूट दुर्लक्षण्याजोगी नाही. दिव्याचा दाब एक दशांशाने कमी झाला, तर तारेच्या बल्बचा उजेड एक दशांशाने नव्हे, जवळजवळ तीन दशांशाने कमी होतो. बारीक वायर, सैल पीळ, गंजलेला होल्डर यांनी दिवा विझत नाही. तो फक्त मंद होतो. विझलेला दिवा निदान कोणाच्या लक्षात येतो. मंद दिवा मात्र महिनोन्महिने तसाच राहतो.

म्हणून हे काम स्वतः करणाऱ्या चांगल्या कारागिराची रीत ठरलेली असे. वायरी सोलण्या-जोडण्यापूर्वी बॅटरीचे एक टोक सोडवावयाचे. वायरीचा रंग पाहून तिचे काम गृहीत धरावयाचे नाही. टेस्ट लॅम्प लावून प्रत्येक वायर कोणत्या बटणाला उजळते ते पाहावयाचे. सांधा नुसता पिळून न सोडता त्याला डाख द्यावयाचा किंवा योग्य जोडणीने घट्ट करावयाचा, आणि पाणी शिरणार नाही असे झाकावयाचे. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना तेथे रबरी कडी बसवावयाची; नाही तर पत्र्याची धार हळूहळू आवरण कापते आणि एके दिवशी फ्यूज उडून सगळाच अंधार होतो. वळताना ताणली जाणार नाही इतकी वायर सैल, पण सडकेला घासणार नाही इतकी आखूड ठेवावयाची. यात कोणतीही गूढ विद्या नाही. लागते ती सावकाशी.

ही जुनी रीत नव्या गाड्यांना मात्र जशीच्या तशी लागू पडत नाही, आणि हे सांगणे आवश्यक आहे. १९८६ साली बॉश कंपनीने गाडीतील निरनिराळ्या यंत्रणांनी एकाच वायरजोडीवरून परस्परांशी संदेशांची देवाणघेवाण करावी अशी पद्धत जाहीर केली. १९९१ पासून ती मोटारींत येऊ लागली, आणि आता ती सर्वत्र आहे. अशा गाडीत दिव्याचे बटण दिव्याला थेट वीज देत नाही. ते एका लहानशा संगणकाला निरोप देते, आणि तो दिवा लावतो. बल्ब शाबूत आहे की नाही हेही तो तपासत असतो. या वायरीला पूर्वीच्या सवयीने ट्रेलरची वायर गुंडाळली, तर संगणकाला अनपेक्षित भार दिसतो. कधी तो दिवा बंद करतो, कधी खोटी सूचना देतो, आणि कधी त्याची स्वतःचीच हानी होते. म्हणून आता मध्ये एक निराळे साधन बसवतात. ते बॅटरीतून स्वतंत्र फ्यूजमार्गे वीज घेते, आणि मोटारीच्या वायरींतून फक्त निरोप ऐकते. ट्रेलरवर आता डायोडचे दिवेही आले आहेत. ते थोड्या विजेवर चालतात आणि हादऱ्यांनी सहसा फुटत नाहीत. पण जुन्या बल्बला प्रवाह कोणत्याही दिशेने चाले. यांना तो एकाच दिशेने लागतो. उलट जोडले तर ते उजळतच नाहीत.

हा सगळा इतिहास दूर देशीचा वाटेल. परंतु ऊसतोडीच्या हंगामात बेळगाव, चिकोडी, कोल्हापूर, सांगलीकडच्या सडकांवरून रात्री प्रवास केलेल्याला तो दूरचा वाटणार नाही. ट्रॅक्टरमागे एक नव्हे, दोन दोन ट्रॉल्या; त्यांवर बाहेर डोकावणारा ऊस; आणि त्या सगळ्यामागे पुष्कळदा काळोख. ट्रॅक्टरला पाठीमागे ट्रेलरसाठी सॉकेट असते. पण पहिल्या ट्रॉलीची वायर दुसरीपर्यंत पोहोचलेली नसते, पोहोचली असली तर उसाच्या ओझ्याखाली तुटलेली असते, आणि दिवा शाबूत असला तर उसाच्या वाड्यांनी झाकलेला असतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत दिव्यांविषयी आणि परावर्तकांविषयी तरतुदी आहेत. हंगामाच्या आरंभी परावर्तक पट्ट्या लावण्याच्या मोहिमाही होतात. तरी काळोखी ट्रॉली सडकेवरून हटलेली नाही.

याचा हिशेब कोणालाही करता येईल. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. समोर काही आहे हे ध्यानी येऊन ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात २५ मीटर संपतात. पुढे थांबावयास, सडक कोरडी असली तरी, जवळजवळ तितकेच लागतात. म्हणजे एकूण सुमारे पन्नास मीटर. खाली केलेल्या दिव्याचा उजेड साधारणतः तेवढ्याच टप्प्यापर्यंत पोहोचतो. समोरून येणाऱ्या गाडीने डोळे दिपले, तर तेवढाही नाही. त्या माणसाच्या हाती काहीच शिल्लक राहत नाही. उलट पाच वॉटचा एक तांबडा बल्ब काही शे मीटरांवरून दिसतो. ट्रॉली चालवणाऱ्याला तो काडीइतकाही उपयोगाचा नाही. मागून येणाऱ्याला तो सगळा वेळ परत देतो.

त्या बल्बची किंमत फार नाही, आणि त्याची वायर जोडणे कोणत्याही तालुक्याच्या गावी तासाभराचे काम आहे. जे सुटते ते पैशाच्या अभावी क्वचितच सुटते. ज्याच्यासाठी दिवा लावावयाचा तो समोर नसतो, त्याचे नाव माहीत नसते, आणि तो तक्रार करावयास येत नाही. म्हणून ते सुटते.

ट्रेलरच्या दिव्यांची एक गोष्ट मात्र शंभर वर्षांत बदललेली नाही. चालवणाऱ्याला स्वतःच्या जागेवरून ते दिसत नाहीत. वायरी कितीही चांगल्या जोडल्या, तरी शेवटी एकाला पुढे बसून बटण दाबावे लागते आणि दुसऱ्याला मागे उभे राहून पाहावे लागते. कारखान्याच्या वाटेवर, रस्त्याच्या कडेला, ट्रॅक्टरवरचा माणूस मान वळवून विचारतो, ‘‘डावा लागला का रे?’’ मागून उत्तर येते, ‘‘लागला, मामा. उजवा लावा.’’ एवढा संवाद झाल्यावर जी ट्रॉली निघते, तिच्यामागून येणाऱ्या माणसाला त्यातले काहीच कळत नाही. तो दुरून दोन तांबडे ठिपके पाहतो, वेग कमी करतो, आणि आपल्या घरी जातो.